कुंकवाच्या मेणाने चिकटवलेला कान

माझ्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एकेचाळीस कॅसेटी आहेत आणि त्यांतल्या एकीतही गाणं नाही. वर माझ्या अक्षरातली लेबलं आहेत: 'खिसा, बाहेरून आत', 'खिसा, नागमोडी', 'कोपरे गोल करून', 'चकली, दुसरा प्रयत्न'. धाकट्या जावयाला वाटलं, सासूबाईंनी कधीकाळी शिवणाचे आणि फराळाचे वर्ग घेतले असतील. त्याने कौतुकाने एक कॅसेट लावली, दोन मिनिटं ऐकली, टेप बिघडला असं समजून घाईने बंद केली आणि भिंतीतली पिनही काढून ठेवली. कोणाला शॉक लागू नये म्हणून.

टेप ठणठणीत होता. तो पोलाद कापल्याचा आवाज होता. त्याच आवाजाच्या जिवावर मी नोकरीची शेवटची दहाएक वर्षं काढली. ती काढताना माझी इतकी फजिती झाली आणि इतकी मजाही आली, की आता लिहायला बसलो तर आधी हसूच येतंय.

मी मिलर, म्हणजे मशीनवर पोलाद कोरणारा कारागीर होतो, वर्धेच्या एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनायचे. बादलीच्या कड्या, ठिबकचे जोड, फवारणीच्या पंपाची झाकणं. साचा पोलादाचा असतो आणि त्यात खोलगट जागा कोरायची असते. तिला आम्ही खिसा म्हणतो. कोरायला बोटाएवढा जाड कटर, त्याच्या अंगाला धारेची चार पाती, आणि तो मिनिटाला हजारांवर फेरे घेत आडवा चालतो. चालता चालता पोलाद खरवडत जातो.

तो कोणत्या वाटेने चालणार, हा आमच्या धंद्यातला सगळा खेळ. या वाटेला टूलपाथ म्हणतात. तळेगावला आमचं शेत आहे. नांगरताना वडील बैलांना बांधाशी कधी एकदम वळवत नसत, मोठा घेर घ्यायचे. एकदम वळवलं की जू मानेत रुततं आणि बैल अडतात. कटरचंही तसंच आहे. काटकोनात कोपऱ्यात शिरला की दोन बाजूंनी पोलाद अंगावर येतं आणि तो थरथरायला लागतो. या थरथरीला आमच्यात चॅटर म्हणतात. चॅटर झालं की भिंतीवर माशाच्या खवल्यांसारखे दाणे उठतात. मग प्लॅस्टिक त्या भिंतीला धरून बसतं, झाकण साच्यातून सुटत नाही, आणि महिनाभराची मेहनत भंगारात जाते.

डोळ्यांना चॅटर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कानाला ते आधी कळतं. सुरुवातीला एक बारीक, चिरका आवाज येतो. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि डोळे मिटून सांगायचो की वाट चांगली आहे की नाही. म्हणून मला सगळे 'कानवाले' म्हणायचे. आमचे मालक गोपाळशेठ. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा किराणा आणि सरकीचा धंदा, यांनाच लोखंडाचं वेड लागलेलं. त्यांनी नियमच केला होता: नवीन टूलपाथ आधी भंगाराच्या तुकड्यावर चालवायचा, वामनराव कान लावणार, वामनराव मान हलवणार, मगच खरं पोलाद मशीनवर चढणार. माझी छाती त्या नियमाने दोन इंच फुगली होती.

सत्त्याण्णवच्या सुमारास शेठने एक वापरलेली सीएनसी मशीन आणली. आता कटरला हाताने फिरवायचं नव्हतं, संगणकावर वाट लिहून द्यायची की मशीन आपोआप चालायची. वाटा लिहायला शेठचा पुतण्या प्रफुल्ल आला, पुण्याहून डिप्लोमा घेऊन. हुशार माणूस, पण त्याला वाटायचं की पडद्यावर रेघ सुंदर दिसली म्हणजे पोलादालाही ती आवडते. त्यामुळे माझ्या कानाचा भाव अजूनच वाढला.

आणि नेमके तेव्हाच माझे कान गेले.

अगदी ठार बहिरा झालो नाही. ट्रकचा हॉर्न, शेठचं ओरडणं, प्रेसचा दणका, हे जाड आवाज शाबूत होते. बारीक तेवढे नाहीसे झाले. मला ते कळलं एसटीत. तळेगावहून वर्धेला येत होतो. शेजारचा माणूस वैतागून म्हणाला, "भाऊ, तुमचं घड्याळ कवाचं बोंबलून राह्यलं, बंद करा ना." मी घड्याळ कानाला लावलं. घड्याळ माझ्यापुरतं मुकं होतं. आकडे मात्र लुकलुकत होते आणि अख्खी गाडी माझ्याकडे पाहत होती.

मी घाबरलो. सरळ सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. दोन मुली शाळेत, आणि मला दुसरं काय येत होतं? कानवाल्याचा कान गेला म्हणजे ड्रिलवर भोकं पाडायची नाहीतर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचे. म्हणून मी सोंग सुरू केलं. स्क्रूड्रायव्हर लावायचा, डोळे मिटायचे, भुवई जरा उचलायची आणि अंदाजाने मान हलवायची. पूर्वीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटायला लागलो, तर लोक म्हणाले की वामनराव आता आणखी बारकाईने ऐकतात.

सोंग तीन महिने चाललं. मग एक काम फसलं. माझ्या मानेवर पास झालेल्या वाटेने साच्यावर दाणे उठले. शेठने विचारलं तेव्हा मी कटरकडे बोट दाखवलं. धार नीट लागली नव्हती म्हणालो. आमच्याकडे कटरला धार लावायचे देवराव. वीस वर्षांचे सोबती. त्यांनी कटर उचलला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा धार लावायला घेऊन गेले. कटर उत्तम होता हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी टेप दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर एक वाजणारं शुभेच्छापत्र उघडं पडलं होतं, तेच, उघडलं की वाढदिवसाची धून वाजवणारं. त्याच्या पोटातून त्याने पितळेची एक पातळ चकती काढली, आठ आण्याच्या नाण्याएवढी. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, याला करंट दिला की हे थरथरते आणि वाजते. मग त्याने दोन तारा मीटरला लावल्या आणि चकतीवर नुसती नखाने टिचकी मारली. मीटरचा काटा टुणकन उडाला. उलटंही होते, तो म्हणाला, याला हलवलं की हेच करंट देते.

मी त्याच्याकडून तशा तीन चकत्या घेतल्या आणि सायकलवरून घरी येताना रस्ताभर एकटाच हसत होतो.

कारखान्यात दसऱ्याच्या मशीनपूजेला आरत्या लावायला शेठने एक टेपडेक घेतला होता. त्याच्यावर आवाजाबरोबर नाचणाऱ्या दिव्यांची ओळ होती, पाच हिरवे, दोन लाल. मी चकतीच्या तारा त्याच्या माइकच्या भोकात घातल्या, चकती मशीनच्या शिकंज्याला म्हणजे कापायचा तुकडा पकडतो त्या व्हाइसला चिकटवली आणि मशीन सुरू केली. दिवे नाचायला लागले. सरळ चालीत तीन हिरवे, कोपऱ्यात पाच, आणि एका वाईट कोपऱ्यात दोन्ही लाल. माझा गेलेला कान मला डोळ्यांनी दिसत होता. मी तिथल्या तिथे मशीनला नमस्कार केला.

आता हे झाकायचं कसं? झाकायची गरजच पडली नाही. प्रफुल्लने पाहिलं आणि त्याला वाटलं मी शास्त्रीय तपासणी सुरू केली आहे. तो खूश. शेठला वाटलं म्हातारा माणूस असून किती आधुनिक. मी वहीत प्रत्येक वाटेपुढे लाल किती वेळा लागला ते लिहायचो आणि कॅसेटवर आवाजही भरून ठेवायचो. कारंज्याचा एक ट्रकमालक त्या दिवसांत जाड पोलादी पाटीवर आपलं नाव कोरून घ्यायला आला होता, रंगाने लिहिलेलं पुसतं म्हणून. त्याच्या नावातल्या प्रत्येक अक्षरावर मी वेगळी वाट वापरून दिवे मोजले. तो तीन वेळा विचारून गेला की नाव लिहायला आठवडा कायले लागते. मी त्याला गंभीर चेहऱ्याने वही दाखवली. बिचारा माफी मागून गेला.

एकच अडचण होती. कापताना कटरवर सतत तेलपाणी पडतं आणि कोणताही गोंद सुटून जायचा. चकती तरंगत निघून जायची. मग मला मेण सापडलं. आमच्या आळीतल्या सगळ्या बायका टिकलीवर गेल्या होत्या, पण माझी बायको शोभा जुन्या चालीने आधी कपाळाला मेण लावायची आणि त्यावर कुंकू. ते मेण पाण्याला दाद देत नाही. मी तिच्या डबीतून रोज बोटभर न्यायला लागलो.

महिन्याभरात तिसऱ्यांदा डबी रिकामी झाली तेव्हा तिने मला चहा देता देता विचारलं, "वर्षाचं मेन महिन्यात सरते कसं? दुसरीले कुंकू लावून राह्यले का तुमी?"

चेहरा गंभीर होता, पण डोळे हसत होते. मी हसायला गेलो आणि हसता हसता रडू फुटलं. सगळं सांगितलं: घड्याळ, सोंग, देवराव, चकती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्या पिशवीतली कॅसेट काढली आणि आपण होऊन टेपला लावली.

शोभा हिंगणघाटची. तिचं माहेर एका जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून, आणि वडील तिथे फिटर. लहानपणापासून यंत्रांच्या आवाजात झोपलेली पोर. तुरीची डाळ निवडत तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाली, "पह्यलं बरं चालते. दुसरं दात खाते." मी वही उघडली. दुसऱ्या वाटेला लाल अकरा वेळा लागला होता.

मग तो आमचा रोजचा कार्यक्रमच झाला. संध्याकाळी मी कॅसेट आणायचो, ती पोळ्या लाटत ऐकायची. दिव्यांना एक मर्यादा होती. आवाज किती आहे ते त्यांना कळायचं, कसला आहे ते नाही. जाड काप घेताना आवाज मोठा असतो पण निर्मळ असतो, तरी दिवे लाल व्हायचे. शोभा मात्र सांगायची, हा नुसता जोर आहे, आणि हा दात खातो. दोन मुली आणि आई जेवताना वाटांवर चर्चा करायच्या. थोरली म्हणायची नागमोडी बोअर आहे.

एकदा शोभाने विचारलं, हा खिसा असतो तरी कसा. मी पाटीवर चौकोन काढून प्रफुल्लची वाट दाखवली, बाहेरून आत, प्रत्येक फेरीला चार कोपरे. ती म्हणाली, "मंग मधातून सुरू करून गोल गोल काऊन नाई काढत? चकलीवानी." मी दुसऱ्या दिवशी ते प्रफुल्लला सांगितलं. त्याने दोन दिवस खपून वाट लिहिली: मधून सुरू करून गोल गोल बाहेर, आणि कोपरे शेवटी थोडे थोडे खात जायचे. लाल चौदावरून दोनवर आला. कारखान्यात त्या वाटेचं नावच चकली पडलं. शेठने माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. कल्पना कोणाची हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शोभाने गाण्यांची म्हणून जी कॅसेट नेली ती 'खिसा, नागमोडी' निघाली. पाच मिनिटं सगळ्यांनी ती ऐकून घेतली. मग एक बाई म्हणाल्या की त्यांच्या दाताच्या डॉक्टरकडेही असंच असतं. शोभाने शांतपणे सर्वांना वाण वाटलं.

असं तीन वर्षं चाललं. दोन हजारच्या पावसाळ्यात फवारणी पंपाच्या झाकणाच्या साच्याचं काम आलं. नागपूरच्या एका कारखान्याचं. पोलादाचा ठोकळा त्यांचाच, त्यात दुसरीकडे झालेलं दोन महिन्यांचं बारीक काम आधीच होतं. आमच्याकडे फक्त शेवटचा खोल खिसा कोरायचा होता, आणि त्याची एक भिंत पोस्टकार्डासारखी पातळ राहणार होती. ठोकळा एकच. चुकला तर दुसरा नाही. आम्ही भंगारावर चकली चालवून पाहिली, लाल दोनदा लागला, शोभाने ऐकून पास केली, मी मान हलवली. ठोकळा यायला मात्र दिवाळीचा आठवडा उजाडला आणि त्याच्याबरोबर त्यांचे वैद्य साहेबही आले. म्हणाले, आधी माझ्यासमोर भंगारावर चालवा.

मी चकती लावली, प्रफुल्लने वाट सुरू केली, आणि दिवे पेटले. लाल. हिरवा. पुन्हा लाल. कोपऱ्यात नाही, मधल्या सरळ गोल चालीत, जिथे काही व्हायचं कारण नव्हतं. दहा मिनिटांत लाल नऊ वेळा लागला. वैद्य साहेब माझ्या वहीतले ते दोन पाहत होते आणि समोरचे नऊ पाहत होते. त्यांनी थंडपणे विचारलं, हीच का तुमची पास केलेली वाट. प्रफुल्ल पांढरा पडला. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले की कानवाले, दिव्यांचं राहू द्या, तुम्ही कान लावून सांगा.

मी स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड मला नुसती मशीनची घरघर ऐकू येत होती, तो चिरका आवाज आहे की नाही ते कळत नव्हतं. मान हो म्हणून हलवली आणि चॅटर खरंच असेल, तर ठोकळा जाणार. नाही म्हणून हलवली तर काम परत नागपूरला जाणार. आणि काहीही झालं तरी दोष कोणावर जाणार, हे मला डोळे उघडल्यावर दिसलं. समोर देवराव उभे होते, हातात नव्याने धार लावलेला कटर घेऊन. मी कटरकडे बोट दाखवायच्या आधीच ते दुसरा घेऊन आले होते.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणालो, "शेठ, मले तो आवाज ऐकू येत नाई. तीन वर्स झाले."

शेठने विचारलं, "मंग इतके दिवस पास कोन करून राह्यलं होतं?"

"चकती. अन् घरी शोभा."

"वहिनी?"

"चकली बी तिचीच हाय."

शेठ प्रफुल्लकडे वळले आणि म्हणाले, "मंग वहिनीलेच घेऊन ये." प्रफुल्ल मोपेड काढून सुटला. देवराव माझ्याजवळ आले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्या वेळचा कटर चांगला होता का. मी म्हणालो, चांगला होता, देवराव. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मले वाटलंच. आणि खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्यापुढे धरली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शोभा लगेच आली नाही. दिवाळीच्या चकल्या तळायला बसली होती आणि तेल तापलेलं होतं. प्रफुल्लने तिला हात जोडून सांगितलं, नागपूरचे साहेब खोळंबले आहेत. ती म्हणाली, घाणा काढल्याशिवाय मी उठत नाही. प्रफुल्ल बसला. दोन घाणे खाऊन मग तिला घेऊन आला. मोपेडवरून उतरली तेव्हा तिच्या एका हातात चकल्यांचा डबा होता आणि दुसऱ्यात मेणाची डबी.

तिने मशीनकडे पाहिलं, माझी चकती उपटली, नाक मुरडलं, नवीन मेण लावून दोन बोटं खाली घट्ट दाबून बसवली. पदरावरून टेपडेकचा हेडफोन चढवला. वाट पुन्हा सुरू झाली. दिवे लाल झाले. ती डोळे उघडे ठेवून ऐकत होती, मला हे विशेष वाटलं. मी तीन वर्षं उगाच मिटत होतो.

मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाली, "मशीन बंद करा."

प्रफुल्लने बंद केली. कटर थांबला, तेलपाणी थांबलं. सगळे तिच्याकडे पाहत होते, ती टेपडेककडे. दिवे विझलेले. एक मिनिट गेलं. वैद्य साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि बंद मशीनवर, काहीही चालू नसताना, एकेक हिरवा चढत गेला आणि दोन्ही लाल पेटले.

"कटर गुनाचा हाय," शोभा म्हणाली. "बाजूले गाठ दाबून राह्यले."

आमची भिंत शेजारच्या जिनिंग-प्रेसिंगला लागून होती. तिथे कापसाची गाठ दाबली की जमीन हलते. आम्ही सगळ्या चाचण्या केल्या पावसाळ्यात, तेव्हा जिनिंग बंद असतं. दिवाळीच्या तोंडाशी कापूस आला, प्रेस सुरू झाली, आणि आम्हा कोणाच्या ते ध्यानातच आलं नाही. वर्धेत हंगाम लागला की सवयीमुळे प्रेसचा दणका कोणालाच जाणवत नाही. माझ्यासारख्या बहिऱ्याला नाही आणि प्रफुल्लसारख्या धडधाकट माणसालाही नाही. मला तर तो जाड आवाज ऐकूही येत होता. मशीन बंद करून पाहायचं एवढं साधं मला सुचलं नाही, याची चुटपुट मला आजही आहे.

आधी देवराव हसले. मग शेठ. मग वैद्य साहेबांनी डबा उघडून एक चकली घेतली आणि ती हातात धरून हसायला लागले, खायचं विसरून. त्यांनी प्रफुल्लकडून वाटेचा कागद मागितला, चकलीशेजारी धरला आणि पुन्हा हसले. मीही हसलो. मला रडायलाही येत होतं आणि कोणी तसं पाहिलं असेल तर पाहू दे.

पातळ भिंतीला धोका नको म्हणून शेठ स्वतः शेजारी गेले आणि तासभर प्रेस थांबवून घेतली. प्रेसवरची माणसं आमच्याकडे चहाला आली. चहा, चकल्या, वीस-बावीस माणसं मशीनभोवती उभी, कटर ठोकळ्यात गोल गोल फिरतोय आणि शोभा हेडफोन लावून खुर्चीत बसलेली. तीन हिरवे, तीन हिरवे, कोपऱ्यात पाच. लाल एकदाही नाही. खिसा झाल्यावर वैद्य साहेबांनी भिंतीवर नख फिरवलं, वरून खाली, खालून वर. मग शोभाला विचारलं, तुमचं शिक्षण किती. ती म्हणाली, सातवी, अन् हिंगणघाट.

माझं काय होणार, हे अजून ठरायचं होतं. दुसऱ्या दिवशी शेठ मला म्हणाले, "काम झालं, पन खोटं बोलले त्याचा राग हाय. दोन दिवस मी तुमच्याशी बोलनार नाई." आणि खरंच बोलले नाहीत. समोर उभे राहून देवरावांना सांगायचे, की वामनरावांना सांगा तेल बदला. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, आता सगळ्या मशीनींना चकत्या लावा, आणि वहिनींना विचारा मेण कुठून आणायचं.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी बंद मशीन ऐकणे. ड्रिलवर जायची वेळ माझ्यावर आली नाही.

दोन-तीन वर्षांनी प्रफुल्लने चकतीच्या तारा सरळ संगणकात घातल्या. आवाजाची पडद्यावर रेघ उमटायला लागली. शांत चालीत ती बारीक गवतासारखी, आणि चॅटर सुरू झालं की एकदम दाट आणि उभी. प्रफुल्लने मुद्दाम एक वाईट कोपरा घेऊन मला दाखवली. तो चिरका आवाज सहा-सात वर्षांनी मला पुन्हा भेटत होता. मी ती रेघ तीनदा पाहिली आणि त्याला म्हणालो, हीच ती, मी हिला ओळखतो. त्या रात्री शोभा म्हणाली, आता माझी नोकरी गेली म्हणा. पण अवघड काम आलं की शेठ अजून निरोप पाठवायचे, आणि ती घाणा काढूनच जायची.

दोन हजार आठच्या शेवटी मी निवृत्त झालो. कारखान्यातच मशीनींच्या मध्ये सतरंजी घातली होती. एव्हाना माझे जाड आवाजही गेले होते; भाषणं झाली असावीत, लोकांची तोंडं हलत होती. मग शेठ शाल आणि नारळ घेऊन उठले. मी खांदे जरा पुढे केले. शेठ माझ्यासमोरून सरळ पुढे गेले, बायकांच्या रांगेत बसलेल्या शोभाला उभं केलं आणि शाल तिच्या खांद्यावर घातली. नारळ मला दिला.

देवराव उठून उभे राहिले, मग प्रफुल्ल, मग सगळेच. शोभा लाजून माझ्याकडे पाहत होती. टाळ्या किती वेळ चालल्या ते मी सांगू शकतो, कारण मी त्या शेवटपर्यंत पाहिल्या.